मेंदूच्या पेट स्कॅनसाठी मनगटाच्या धमनीतूनच रक्त का? दुसरा मार्ग नाही का?

सुईभित्रा · शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं लंडनला आहे. इथल्या एका संशोधन केंद्राला मेंदूतल्या दाहाच्या अभ्यासासाठी निरोगी माणसं हवी होती. ऑफिसातल्या मित्राच्या नादाने नाव देऊन बसलो. आज माहितीपत्रक नीट वाचलं आणि घाम फुटला.

पेट स्कॅन दीड तासाचा. एका हाताच्या शिरेतून किरणोत्सारी ट्रेसर (शरीरात कुठे जातो ते कॅमेऱ्याला दिसणारं द्रव्य) देणार, इथवर ठीक. पण दुसऱ्या मनगटात, जिथे नाडी बघतात अगदी तिथे, धमनीत नळी घालून दीड तास रक्त काढत राहणार! पहिली काही मिनिटं यंत्र सलग ओढणार, पुढे ठरावीक वेळांनी सिरिंज भरणार. ट्रेसरचं नाव पीबीआर२८, कार्बन-११ लावलेला. त्याआधी एक जीन-चाचणीही आहे. तिच्यासाठी रक्त देऊन आलोय, रिपोर्ट यायचाय.

मी रक्तदानाची गाडी दिसली की रस्ता ओलांडणारा माणूस. एवढी महागडी मशीन असताना धमनीला हात घातल्याशिवाय यांचं गणित सुटत नाही? फोटोतूनच रक्त का मोजत नाहीत? नाहीतर साध्या शिरेतून घ्या. जाणकारांनी प्रकाश टाकावा. मंगळवारपर्यंत सही करायची आहे.

पाटकरी नाना · रविवार, सकाळी ६:५०

आमच्या हिचा दोन वर्षांमागं मुंबईला मेंदूचा पेट स्कॅन झाला. विसराळूपणा फार वाढला होता. हाताला एक सुई, अंधाऱ्या खोलीत पाऊण तास पडून राहायचं, मग पंधरा-वीस मिनिटं मशीनमध्ये. बिल सोडलं तर काहीच दुखलं नाही. धमनीबिमनी कुणी काढली नाही. तुमचे लंडनवाले जरा जास्तच तहानलेले दिसतात. ह.घ्या.

हॉटलॅब · रविवार, सकाळी १०:४०

नाना, मशीन एकच, पण काकूंच्या स्कॅनचं काम वेगळं आणि या अभ्यासाचं वेगळं. मी अकरा वर्षं न्यूक्लियर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, मुंबईतच.

काकूंना दिलं ते एफडीजी. ग्लुकोजचा जुळा भाऊ म्हणा, त्याला फ्लोरीन-१८ जोडलेलं. अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) ११० मिनिटं, त्यामुळे ते बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, गावाच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी गाडीने आणता येतं. सुई दिल्यावर आम्ही पेशंटला गप्प पडून राहा म्हणतो, मोबाइलही बघू देत नाही. मेंदूचा जो भाग कामाला लागेल तो जास्त साखर ओढेल ना! नंतर फोटो. डॉक्टर त्यात बघतात ते कुठला भाग शेजाऱ्यापेक्षा फिका आहे. अल्झायमरमध्ये कानशिलाच्या वरचा-मागचा पट्टा फिका पडतो, काही दुसऱ्या आजारांत कपाळामागचा. कुठे फिकं आहे एवढंच हवं असेल तर नेमकं किती ते लागत नाही.

आम्ही वजन आणि डोस धरून एसयूव्ही (ट्रेसर किती शोषला याचा आकडा) काढतो खरा, पण तो आकडा पेशंट काय खाऊन आला, साखर किती होती, सुईनंतर किती वेळ गेला यावर इकडेतिकडे हलतो. निदानाला चालतं. संशोधनाला नाही चालत.

अवांतर: भारतातला पहिला पेट स्कॅनर परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली आला. आता टॅक्सीवाल्यालाही पेट स्कॅन माहीत असतो!

वक्ररेषा · रविवार, दुपारी २:१५

माझं पोट याच विषयावर चालतं (पेटच्या आकड्यांचं मॉडेलिंग, युरोपात पोस्टडॉक), म्हणून जरा लांबण लावतो.

नाना पाटबंधारे खात्यातले, तेव्हा त्यांच्याच भाषेत. एक रान ओलं दिसतंय. त्याला तहान जास्त म्हणून त्याने पाणी प्यायलं, की त्या पाळीत चारीलाच (रानापर्यंत पाणी आणणाऱ्या छोट्या कालव्यालाच) पाणी धो धो आलं म्हणून ओलं झालं? नुसतं रान बघून सांगता येणार नाही. पेट कॅमेरा हा रानाचा फोटो आहे. मिनिटामिनिटाला किती ओल आहे ते दाखवतो. चारीला मिनिटामिनिटाला किती पाणी सुटलं, ती नोंद वेगळी लागते. आमच्या धंद्यात तिला इनपुट फंक्शन म्हणतात. मेंदूची चारी म्हणजे धमनी. एका माणसाची किडनी ट्रेसर झपाट्याने काढून टाकते, दुसऱ्याचं यकृत तो फोडतं, तिसऱ्याच्या चरबीत तो जाऊन बसतो. डोस तोच, पण मेंदूपर्यंत पोचणारा हिस्सा वेगळा.

हे खूळ आजचं नाही. १९४५मध्ये केटी आणि श्मिट यांनी माणसाच्या मेंदूचा रक्तप्रवाह मोजला तो नायट्रस ऑक्साइड हुंगवून. धमनीतून रक्त घेतलं आणि मेंदूतून बाहेर येणाऱ्या मानेतल्या मोठ्या शिरेतूनही. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५४ मिली, हा आकडा तिथून आला. तेव्हा कॅमेरा नव्हता, म्हणून आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याची वजाबाकी. १९७७मध्ये सोकोलोफ यांनी उंदरांत डीऑक्सिग्लुकोज वापरून मेंदूच्या कुठल्या भागाने किती साखर खाल्ली ते काढलं. तिथेही एका बाजूला धमनीची नोंद. १९७९पर्यंत तेच गणित एफडीजीच्या रूपात माणसावर आलं. कॅमेरा आला म्हणून बाहेर येणाऱ्या रक्ताची सुई गेली. आत जाणाऱ्याची राहिली.

आता ती तरी काढता येईल का, यावर गेली ४५ वर्षं लोक डोकं घासतायत.

तर्कट · रविवार, दुपारी ३:०२

४५ वर्षं आणि अजून सुई? फुकटात मनगट पुढे करणारे मिळतात तोवर कोण कशाला बदलेल? शिरेतून रक्त घ्यायला काय धाड भरलीय, तेच रक्त की!

भूलवाली · रविवार, संध्याकाळी ७:३०

तेच रक्त नाही हो. कोपराच्या शिरेत येतं ते हाताने वापरून झालेलं रक्त. पंजाच्या स्नायूंनी, कातडीने ट्रेसरमधला वाटा काढून घेतलेला असतो, विशेषतः पहिल्या काही मिनिटांत. धमनीत ट्रेसरची लाट अर्ध्या मिनिटात उसळते आणि पडते. शिरेत ती उशिरा आणि चपटी होऊन पोचते.

यावर जुनी युक्ती आहे, गंमतशीर आहे. पंजा गरम पेटीत ठेवायचा, सुमारे ४४ अंशांवर. कातडीखालचे आडमार्ग उघडतात, रक्त केशवाहिन्या टाळून थेट शिरेत येतं, आणि पंजाच्या मागच्या शिरेतलं रक्त धमनीच्या जवळपास होतं. १९७९च्या एफडीजी अभ्यासांतच हे केलंय. अट एकच, हात खरंच गरम राहिला पाहिजे. पेशंटने कंटाळून जरा बाहेर काढला की सगळं मुसळ केरात.

सुईभित्रा, माझ्या कामाचं बोलते. मी भूलतज्ज्ञ आहे, आठवड्याला पाच-सात आर्टेरियल लाइन (धमनीतल्या नळ्या) घालते. आधी मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून पंजा पांढरा करतात, करंगळीकडची सोडतात, पंजा लगेच लाल झाला तर ती एकटी पंजाला पुरते असा अंदाज. मग जागा बधिर करून नळी. बधिर करतानाची चुरचुर हाच सगळ्यात वाईट भाग. नंतर काळंनिळं होणं नेहमीचं. ती धमनी काही दिवस बंद पडणं होतं, बहुतेक वेळा कळतही नाही आणि आपोआप उघडते. पंजाला कायमची इजा फार फार क्वचित. तुम्ही रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल किंवा थंडीत बोटं पांढरी पडत असतील तर मात्र आधीच सांगा. आणि काढल्यावर दाबून धरतात, तेव्हा घाई करू नका. घाई करणाऱ्यांचंच मनगट सुजतं.

सुईभित्रा · रविवार, रात्री १०:१०

भूलवाली ताई, धन्यवाद, भीती १० वरून ७ वर आली. पण माझा फोटोचा प्रश्न राहिलाच. मानेतून एवढ्या मोठ्या धमन्या मेंदूत जातात, त्या स्कॅनमध्ये दिसतच असणार. तिथे बोट ठेवून मोजा की!

वक्ररेषा · सोमवार, पहाटे १:४०

हा प्रश्न विचारलात म्हणजे तुम्ही योग्य वाटेवर आहात. त्याचं नाव चित्रातून काढलेलं इनपुट फंक्शन. आणि खड्डेही तिथेच आहेत.

पहिला खड्डा साधा भूमितीचा. कवटीत शिरणारी कॅरोटिड धमनी साधारण ५ मिमी रुंद. पेट कॅमेऱ्याची स्पष्टता ४ ते ६ मिमी. म्हणजे चष्मा काढून लांबून दोरी बघण्यासारखं: दोरी दिसते, पण पसरट आणि फिकी. लाट उसळते तेव्हा धमनीतला उजेड बाहेर सांडतो म्हणून आकडा कमी येतो. शेवटी आजूबाजूचा भाग उजळतो तेव्हा तिकडचा उजेड धमनीत सांडतो आणि आकडा जास्त येतो. चूक दोन वेळा दोन दिशांना, म्हणून एका आकड्याने गुणून सुटका नाही. एमआरआयमधून धमनीची नेमकी कड घेऊन दुरुस्ती करतात. पण दीड तासात माणूस मान हलवतोच आणि मान डोक्यासारखी सरळ सरकत नाही, वळते. एमआरआयवर आखलेली कड तेव्हा धमनीवरून घसरते.

हा खड्डा आता बराच बुजतोय. नेहमीच्या स्कॅनरला एका वेळी शरीराचा १५ ते २५ सेंमीचाच पट्टा दिसतो, म्हणून मेंदू घेतला की हृदय बाहेर राहायचं. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठाच्या पुढाकाराने बनलेल्या एक्सप्लोरर स्कॅनरची लांबी १९४ सेंमी, माणसाचे पहिले फोटो २०१८ला आले. सीमेन्सच्या क्वाड्रा स्कॅनरची लांबी १०६ सेंमी. यात मेंदू आणि छातीतली महाधमनी एकाच वेळी दिसतात, आणि महाधमनी दोन-अडीच सेंमी रुंद, त्यामुळे सांडलवंड नगण्य. एफडीजीला आणि ऑक्सिजन-१५च्या पाण्याला मी तर म्हणेन मनगटाची नळी आता काढून टाकावी. पाण्याचं अर्धायुष्य दोन मिनिटं, लाट क्षणात येते-जाते. लांबच्या हातात, नळीतून, यंत्रापर्यंत जाताना ती पसरते, उशीर होतो, तो उशीर गणिताने परत ओढावा लागतो. महाधमनीत थेट बघणं त्याहून सरळ.

दुसरा खड्डा मात्र लांब मशीनने बुजत नाही. तुमचा ट्रेसर त्याच खड्ड्यात बसलाय.

कॅमेऱ्याला किरण दिसतात, रेणू दिसत नाही. पीबीआर२८ यकृतात भराभर तुटतो. काही मिनिटांनी रक्तात जो कार्बन-११ फिरतो, त्यातला मोठा भाग तुटक्या तुकड्यांवर बसलेला असतो. मेंदूला हवा असतो तो अखंड रेणू. फोटोत दोन्ही सारखेच चमकतात. म्हणून तुमचं रक्त लॅबमध्ये पळवतात, तांबड्या पेशी वेगळ्या करतात आणि उरलेल्या प्लाझ्मातला अखंड हिस्सा क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले रेणू वेगळे करण्याच्या पद्धतीने) काढतात. तेही घाईत, कारण कार्बन-११चं अर्धायुष्य २०.४ मिनिटं. ९० मिनिटांनी मूळ किरणोत्साराचा एकविसावा हिस्सा उरतो. एफडीजीचं हे काही करावं लागत नाही, म्हणून तो सगळ्या पद्धतींचा लाडका. नव्या पद्धतीचा शोधनिबंध हातात आला की मी आधी ट्रेसर बघतो. एफडीजी असेल तर म्हणतो, बरं, आता अवघड पेपर सोडव.

पाटकरी नाना · सोमवार, सकाळी ७:१५

म्हणजे चारीला विहिरीचं पाणी मिसळलंय आणि मोजपट्टीला दोन्ही सारखंच. हे आम्ही आयुष्यभर बघितलंय. चारीच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारा.

पण मास्तर, आम्ही चारीची नोंद नसली तर दुसरी युक्ती करायचो. शेजारी त्याच चारीवरचं पड रान असतं. त्यात पीक नाही, म्हणजे तहान नाही, तरी ओल येते. ते बघून पाणी किती सुटलं याचा अंदाज. मेंदूत पड रान नाही का?

वक्ररेषा · सोमवार, दुपारी १२:५०

नाना, तुम्ही १९९६चा शोध झोपेत लावलात! लॅमर्ट्समा आणि ह्यूम यांचं साधं संदर्भ-ऊतक मॉडेल हेच आहे. पद्धत अशी की मेंदूत असा भाग शोधायचा, जिथे ट्रेसर जातो-येतो पण चिकटायला जागा नसते. तो तुमचं पड रान. त्याच वर्षी लोगन यांनी ट्रेसर किती चिकटला ते काढायच्या आपल्या आलेख-पद्धतीचीही बिनधमनीची आवृत्ती काढली. डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनासाठी रॅक्लोप्राइड हा ट्रेसर वापरतात, तेव्हा लहान मेंदू पड रान, कारण तो ज्यांना चिकटतो ते डी२ ग्राहक (डोपामिन पकडणारी प्रथिनं) तिथे जवळजवळ नाहीत. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनासाठी पीआयबी हा ट्रेसर वापरतात, तिथेही लहान मेंदूचा करडा भाग. आज जगभर डोपामिन आणि अमायलॉइडचे बहुतेक अभ्यास धमनीला हात न लावता होतात, त्याचं श्रेय या कल्पनेला. एमआरआयपेक्षा, एआयपेक्षा मी हिलाच मोठी म्हणेन.

तर्कट · सोमवार, दुपारी १:२०

मग सुईभित्रांच्या अभ्यासात लहान मेंदू घ्या आणि विषय संपवा.

वक्ररेषा · सोमवार, रात्री ९:०५

नाही संपत. पीबीआर२८ चिकटतो टीएसपीओ नावाच्या प्रथिनाला. ते मायक्रोग्लिया पेशींत (मेंदूच्या रखवालदार पेशींत), रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, थोडंफार सगळीकडे असतं. लहान मेंदूतही. म्हणजे सगळीच रानं पिकाखाली, पड एकही नाही. काही गट तरीही लहान मेंदूने किंवा अख्ख्या मेंदूच्या सरासरीने भागून गुणोत्तर छापतात. मला ते पटत नाही. दाह सगळ्या मेंदूत सारखा वाढला तर अंशही वाढेल, छेदही वाढेल, आणि उत्तर येईल ‘काही बदल नाही’. ज्याचा शोध घ्यायचा तेच भागाकारात मारलं.

जिथे पड रान खरंच आहे तिथेही नुसतं शेवटच्या अर्ध्या तासाचं गुणोत्तर घेताना जपावं लागतं. अल्झायमरच्या माणसाचा मेंदूतला रक्तप्रवाह वर्षागणिक घटतो. गुणोत्तर प्रवाहानेही हलतं. दोन वर्षांनी आकडा बदलला तर औषधाने अमायलॉइड धुतलं की फक्त प्रवाह बदलला, हे सांगायला पूर्ण वेळेचा स्कॅन लागतो. एकदाच निदान करायचं असेल तर गुणोत्तर खुशाल वापरा.

हॉटलॅब · सोमवार, रात्री ९:४०

सरासरी वक्राचं पण सांगा ना. आमच्याकडे एकदा त्याचा प्रयोग झाला होता.

वक्ररेषा · सोमवार, रात्री १०:२५

हो. शंभर लोकांच्या धमनीच्या नोंदी घेतल्या तर लाटेचा आकार बराच सारखा निघतो, उंची तेवढी वेगळी. मग सरासरी आकार घ्यायचा आणि नव्या माणसाचे एक-दोन थेंब घेऊन उंची जुळवायची. एफडीजीत शेवटी शेवटी शिरेतलं आणि धमनीतलं प्रमाण जवळपास सारखं होतं, म्हणून ते थेंब साध्या शिरेतून चालतात. सुंदर सोय. फक्त ज्याची किडनी, हृदय किंवा यकृत बिघडलंय त्याचा आकार सरासरीत बसत नाही, आणि आजारी माणसंच तर अभ्यासायची असतात.

आणखी एक मार्ग म्हणजे मेंदूच्या बऱ्याच भागांचे वक्र एकदम घेऊन त्यांच्यातून मागे जात सामाईक इनपुट काढायचं. सगळ्यांची चारी एकच असल्याने हे जमतं, पण उंची बांधायला एक नमुना लागतोच. न्यूरल नेटवर्कला चित्रं दाखवून धमनीचा वक्र ओळखायला शिकवणं हल्ली जोरात आहे. शिकवायला मात्र शेकडो खऱ्या धमन्यांच्या नोंदी लागतात.

तर्कट · सोमवार, रात्री १०:३३

म्हणजे धमनी टाळायचं यंत्र बनवायलाही धमनीच. वा!

वक्ररेषा · सोमवार, रात्री १०:५१

हो. आणि धमनीची नोंद तरी देववाणी आहे असं समजू नका. नळीत गुठळी होते, पंप हवा ओढतो, क्रोमॅटोग्राफीचा एखादा बिंदू भलतीकडे जातो. मी स्वतः असे अभ्यास बघितलेत जिथे चारातल्या एका माणसाची लाइन बसलीच नाही आणि सगळा डेटा कचऱ्यात. तेवढ्यासाठी तरी पर्याय हवाय. पण सुईभित्रा, तुमच्या ट्रेसरला आज तरी प्रामाणिक पर्याय मला दिसत नाही. त्यांनी धमनी मागितली म्हणजे ते काम नीट करतायत.

भूलवाली · मंगळवार, सकाळी ८:००

आणि लाइन कोण घालणार ते विचारा. संकोच करू नका. रोज घालणारा हात असेल तर बिनधास्त सही करा.

सुईभित्रा · बुधवार, संध्याकाळी ६:४५

मंडळी, काल धीर करून सही करायला गेलो. रात्रभर मनगट चोळत बसलो होतो. पेन उचललं, तर डॉक्टरबाईंनी कागद मागे घेतला. जीन-चाचणीचा रिपोर्ट आला: मी ‘कमी चिकटणाऱ्या’ गटातला. अभ्यासातून बाद.

हे काय असतं? आणि मला आनंद व्हायला हवा होता, तर जरा वाईट का वाटतंय?

वक्ररेषा · बुधवार, रात्री ८:१०

टीएसपीओच्या जीनमध्ये एका अक्षराचा फरक असतो, त्याने प्रथिनाच्या १४७व्या जागी अलॅनिनऐवजी थ्रिओनिन बसतं. आईकडून आणि वडिलांकडून दोन्ही प्रती तशाच आल्या तर पीबीआर२८ला धड पकडच मिळत नाही. युरोपीय लोकांत साधारण दहात एक असा. तब्येतीवर याचा अर्थ काही लावू नका. फक्त तुमच्या फोटोत दाह असला-नसला तरी दिसला नसता.

पाटकरी नाना · बुधवार, रात्री ८:२५

चारी आहे, पाणी आहे, रानाला दारच नाही. असू दे.

सुईभित्रा · शुक्रवार, दुपारी १:००

ताजा कलम. त्याच बाईंनी विचारलं, दुसऱ्या केंद्रात लांब मशीनवर एफडीजीचा अभ्यास आहे, येता का? धमनी नाही, महाधमनी फोटोतून मोजणार, शिरेतून दोन नमुने. लगेच हो म्हटलं. सहा तास उपाशी या म्हणालेत. सकाळचा चहा चालतो का?

हॉटलॅब · शुक्रवार, दुपारी १:२०

नाही. साखर तर नाहीच, पण बिनसाखरेचाही नको. कॅफिनने मेंदूचा रक्तप्रवाह बदलतो. फक्त साधं पाणी, आणि आदल्या दिवशी जिमही नको.

पाटकरी नाना · शुक्रवार, दुपारी १:३१

चहाशिवाय सहा तास? धमनी परवडली.